दिवा आणि दिव्याचें चित्र

उपयोग संपलेल्या वस्तूंशीं मनुष्य कसा वागतो हें सांगण्यास आपल्या भाषेंतील एक म्हण पुरेशी आहे: 'गरज सरो, वैद्य मरो.' ही म्हण जितकी कठोर तितकीच बहुधा खरीही आहे. नवा पूल झाला कीं जुन्या नावेच्या फळ्या चुलींत जातात. गिरणी आली कीं जातें अडगळींत पडतें. परंतु एका वस्तूच्या बाबतींत जगानें या म्हणीच्या अगदीं उलट वर्तन केलेलें दिसतें. ती वस्तु म्हणजे दीपगृह. जोंपर्यंत त्याची गरज होती तोंपर्यंत खलाशांखेरीज त्याची आठवण फारशी कोणी काढीत नसे. गरज सरली आणि लोक त्याच्या प्रेमांत पडले. उत्तर अमेरिकेंतील पांच महासरोवरांच्या कांठीं आज कितीतरी माणसें कॅमेरा घेऊन एका दीपगृहाकडून दुसऱ्या दीपगृहाकडे हिंडत असतात, आणि पहांटेच्या कडाक्याच्या थंडींत तिवई रोवून सूर्योदयाची वाट पाहत उभीं राहतात. हें प्रेम कोणत्या जातीचें आहे? ती कृतज्ञता आहे, कीं निरुपयोगी झालेल्या वस्तूशीं चाललेला केवळ सौंदर्याचा खेळ आहे? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. कारण जें दीपगृहाला लागू पडतें तें पुष्कळ माणसांनाही लागू पडतें.

प्रथम या सरोवरांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. 'सरोवर' म्हटलें कीं आपल्या मनापुढें कमळें, राजहंस आणि पायऱ्यांचा घाट उभा राहतो. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ओंटॅरियो या पांच सरोवरांना हें वर्णन मुळींच लागू नाहीं. त्यांतील एकट्या सुपीरियरचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. आणि त्याची खोली कांहीं ठिकाणीं ४०० मीटरांवर जाते. मध्यावर गेलेल्या जहाजाला कोठेंच कांठ दिसत नाहीं. तरीही सरोवर हें समुद्र नव्हे, आणि नाविकाच्या दृष्टीनें हाच त्याचा मोठा दोष होय. खुल्या समुद्रांत वादळ उठलें तर जहाज किनाऱ्यापासून दूर पळून जाऊं शकतें. सरोवरांत पळावें तितका समोरचा कांठ जवळ येतो. पाणी गोठण्यापूर्वीं लोखंडाच्या खनिजाची शेवटची खेप पोहोंचविण्याची घाई एकीकडे, आणि त्याच नोव्हेंबर महिन्यांत उठणारीं भयंकर वादळें दुसरीकडे, अशा कात्रींत तेथील खलाशी पिढ्यान् पिढ्या सांपडत आले आहेत. एकट्या मिशिगन राज्याच्या कांठीं शंभराहून अधिक दीपगृहें कां आहेत, याचें उत्तर यांत आहे.

१९०५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस सुपीरियरवर असेंच एक वादळ झालें. त्यांत २९ जहाजांचें नुकसान झालें. त्यांपैकीं 'मटाफा' नांवाचें जहाज डलूथ बंदराच्या तोंडाशीं येऊन धक्क्यावर आदळलें आणि कांठापासून हांकेच्या अंतरावर रुतून बसलें. शहरांतील हजारों लोक कांठावर जमले; जहाजावरील लोकांना धीर यावा म्हणून त्यांनीं शेकोट्या पेटविल्या; पण लाटाच अशा होत्या कीं होडी घालणें शक्य नव्हतें. सकाळपर्यंत जहाजावरील नऊ माणसें दगावलीं होतीं. संकट येऊन ठेपल्यावर पेटविलेला प्रकाश आणि संकटापूर्वीं पेटवून ठेवलेला प्रकाश यांत किती अंतर आहे, हें त्या रात्रीं डलूथच्या लोकांनीं पाहिलें. या वादळानंतर अमेरिकेच्या कायदेमंडळानें १९०७ सालीं ७५,००० डॉलर मंजूर केले, आणि मिनेसोटाच्या कांठीं सुमारें १३० फूट उंचीच्या कड्यावर बांधलेलें स्प्लिट रॉक दीपगृह १९१० च्या जुलै महिन्यांत उजळलें. त्या कड्यापर्यंत तेव्हां रस्ता नव्हता. बांधकामाचें सारें सामान जहाजानें आणून यारीनें वर चढवावें लागलें.

या दीपगृहाचें हृदय म्हणजे पॅरिस येथें बनविलेलें त्याचें भिंग. अशा भिंगाची कल्पना ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची. साध्या दिव्याचा प्रकाश चोहोंकडे विखुरतो आणि त्यांतील बराचसा आकाशांत व जमिनीवर फुकट जातो. फ्रेनेलनें एका जाड भिंगाऐवजीं कंकणाकृति कांचांची अशी रचना केली कीं, हा वायां जाणारा प्रकाश वळून एका आडव्या झोतांत गोळा व्हावा. १८२३ सालीं फ्रान्समधील कोर्दुआं दीपगृहांत तें भिंग प्रथम बसविण्यांत आलें; चार वर्षांनीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, फ्रेनेल वारला. त्याला १८१९ सालीं दीपगृहांच्या कामावर आणणारा मनुष्य म्हणजे फ्रांस्वा अरागो. आणि ७ जानेवारी १८३९ रोजीं दागेरच्या छायाचित्रणाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें ज्यानें मांडली तोही हाच अरागो. दीपगृहाचें भिंग आणि छायाचित्र हीं अशा रीतीनें एकाच सुइणीच्या हातचीं भावंडें आहेत. पण त्यांचे स्वभाव उलट आहेत. एक भिंग आंतला प्रकाश बाहेर देतें, दुसरें बाहेरचा प्रकाश आंत घेतें. नीतीचा विचार करणाऱ्याला येथेंच पहिली शंका येईल: ज्याचा सारा जन्म देण्यांत गेला, त्याच्यापुढें केवळ घेण्यासाठीं जाऊन उभें राहणें योग्य आहे काय?

या शंकेचें उत्तर शोधण्यापूर्वीं, तें देणें मुळांत कोणाचें होतें हें पाहूं. भिंग आपण होऊन कांहींच देत नाहीं. स्प्लिट रॉकचें भिंग पाऱ्यावर तरंगत फिरे आणि दर दहा सेकंदांस एक झोत पाण्यावर टाकी. पण त्याला फिरविणारें यंत्र जुन्या घड्याळासारखें वजनावर चाले, आणि तें वजन दर दोन तासांनीं कोणीतरी जागें राहून वर चढवावें लागे. १९४० पर्यंत तेथील दिवा विजेचा नव्हता. घासलेट भरणें, कांचा पुसणें, यंत्राला तेल देणें, नोंदवही लिहिणें, आणि धुकें आलें कीं भोंगा सुरू करणें, असा तो संसार होता. या कामांत नाट्य नव्हतें; किंबहुना नाट्य घडूं न देणें हेंच तें काम होतें. ज्या रात्रीं कांहींही घडलें नाहीं ती रात्र यशस्वी. आणि जें घडलें नाहीं त्याचें छायाचित्र कोण आणि कसें काढणार?

कधीं कधीं मात्र घडे, आणि फार मोठें घडे. १८७२ सालीं मिशिगन सरोवरांतील बीव्हर बेटावरचा दीपरक्षक बुडत्या जहाजावरील लोकांना वांचविण्यास होडी घेऊन गेला, तो परत आला नाहीं. त्याच्या पत्नीनें तें काम आपल्या हातीं घेतलें. पुढें तिचीच तेथें नेमणूक झाली, आणि दोन दीपगृहें मिळून १९१३ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षें, तिनें दिवा सांभाळला. एलिझाबेथ व्हिटनी विल्यम्स या नांवानें तिनें १९०५ सालीं आपल्या आठवणीही प्रसिद्ध केल्या. बीव्हर बेटावरचा तो मनोरा आजही उभा आहे. त्याचें चित्र कितीही सुंदर निघालें, तरी ज्या पाण्यानें पतीला नेलें त्याच पाण्यावर रात्रीमागून रात्र प्रकाश टाकणारे हात त्यांत उमटत नाहींत. 'दिव्याखालीं अंधार' ही म्हण आपण निंदेसाठीं वापरतों. दीपगृहाच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे, आणि तींत निंदा मुळींच नाहीं. तो दिवा दूरच्या माणसांसाठीं असतो. त्याच्या पायाशीं राहणाऱ्यानें अंधारांत राहावयाचें असतें.

पुढें रडार आलें. उपग्रहांच्या साह्यानें जहाजें आपलें स्थान अचूक ठरवूं लागलीं. रक्षक गेले, कांहीं दिवे आपोआप चालूं लागले, कांहीं कायमचे विझले. स्प्लिट रॉकचा दिवा १९६९ सालीं बंद झाला. परंतु त्याची कीर्ति त्यापूर्वींच सुरू झाली होती, आणि तिचें कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. १९२० नंतरच्या दशकांत सरोवराच्या कांठानें मोटारींचा रस्ता झाला, आणि कडा, मनोरा व निळें पाणी पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली. आज सबंध अमेरिकेंत ज्यांचीं छायाचित्रें सर्वांत अधिक निघतात अशा दीपगृहांत त्याची गणना होते. याच सरोवरांत स्टॅनर्ड रॉक नांवाचें दुसरें एक दीपगृह आहे. जवळच्या जमिनीपासून सुमारें ४० किलोमीटर दूर, भर पाण्यांतील एका खडकावर, एकोणिसाव्या शतकांत तें मोठ्या कष्टानें बांधण्यांत आलें. तेथें बायकामुलें नेण्याची सोय नव्हती. चोहोंकडे पाणी आणि सोबतीला दोन-चार माणसें, एवढेंच काय तें जग. १८ जून १९६१ रोजीं तेथें स्फोट होऊन एक जण मृत्यु पावला, आणि त्याचे सोबती मदत येईपर्यंत त्या जळक्या मनोऱ्याशींच अडकून पडले. कर्तव्याचें मोजमाप करावयाचें तर स्टॅनर्ड रॉक हें स्प्लिट रॉकहून रतिभरही उणें ठरणार नाहीं. पण तेथें रस्ता जात नाहीं, आणि कांठावरून तें दिसतही नाहीं. म्हणून चित्रांच्या दुकानांत त्याला फारशी जागा नाहीं. कीर्ति गुणाच्या मागें जाते असें आपण मुलांना शिकवितों. पुष्कळदां ती रस्त्याच्या मागें जाते.

आतां सौंदर्यवाद्यांची बाजू ऐकूं. सौंदर्याचा आनंद हा लाभालाभाच्या विचारापासून मुक्त असतो, असें कांटनें १७९० सालीं प्रतिपादन केलें. १९१२ सालीं एडवर्ड बुलो या केंब्रिजच्या विद्वानानें त्याच वाटेनें पुढें जातांना समुद्रावरील धुक्याचेंच उदाहरण घेतलें. धुकें म्हणजे जहाजावरच्या माणसाला भीति, खोळंबा आणि जिवाची घालमेल. पण तोच मनुष्य क्षणभर आपल्या काळजीपासून अलग होऊन पाहील, तर त्याला त्या धूसर पडद्याचें अपूर्व सौंदर्य दिसेल. असें मानसिक अंतर पडल्यावांचून सौंदर्याचा अनुभव येत नाहीं, हा बुलोचा सिद्धान्त. या न्यायानें पाहिलें तर दीपगृह सुंदर दिसण्यास त्याची गरज सरणेंच आवश्यक होतें. कारण ज्याचा जीव त्या दिव्यावर टांगलेला आहे, त्याला तो सुंदर आहे कीं नाहीं हें पाहण्यास सवड नसते. आपल्याकडे 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद एके काळीं फार रंगला होता. त्यांतील पहिल्या पक्षाला विझलेल्या दीपगृहाहून अधिक सोयीचा साक्षीदार मिळाला नसता.

हें म्हणणें मला अर्धेंच पटतें. अंतरावांचून सौंदर्य दिसत नाहीं हें खरें. 'दुरून डोंगर साजरे' हें सांगावयास तत्त्वज्ञ लागत नाहीं. पण अंतर दोन प्रकारचें असतें: एक जाणून राखलेलें, आणि दुसरें न जाणल्यामुळें पडलेलें. मिशिगन सरोवराच्या कांठीं सेंट जोसेफ येथें धक्क्यावर दोन दीपगृहें आहेत. हिवाळ्यांत लाटांचे तुषार त्यांवर उडून गोठतात आणि सबंध मनोरे बर्फानें मढून जातात. स्फटिकाच्या मंदिरासारखें तें दृश्य टिपण्यास लांबलांबून लोक येतात, आणि तें सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण 'मटाफा'वरील नऊ माणसांचा प्राण अशाच तुषारांनीं आणि अशाच थंडीनें घेतला. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे त्यालाही तें दृश्य सुंदरच वाटेल. मात्र त्याच्या आनंदांत एक प्रकारचा आदर मिसळेल, आणि कदाचित् तो थोडा वेळ कॅमेरा खालीं धरून नुसता पाहत राहील. ज्याला ती ठाऊक नाहीं त्याचा आनंद खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. तो उथळ आहे इतकेंच. सौंदर्यासाठीं आपल्या भीतीपासून दूर जाणें क्षम्य आहे. दुसऱ्याच्या दुःखाची माहितीच नको म्हणणें क्षम्य नाहीं.

छायाचित्रकारांच्या बाजूनें एक गोष्ट मात्र मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. उपयोग संपलेलीं कित्येक दीपगृहें पाडलीं गेलीं किंवा आपोआप ढासळलीं. जीं उरलीं तीं उरण्यास लोकांची हौस पुष्कळ अंशीं कारण झाली. २००० सालीं अमेरिकेनें कायदा करून, सरकारला नको असलेलीं दीपगृहें सार्वजनिक संस्थांना विनामूल्य सोंपविण्याची, आणि घेणारी संस्था न मिळाल्यास लिलावानें विकण्याची व्यवस्था केली. तेव्हांपासून गंज खरवडणें, छप्पर दुरुस्त करणें, रंग देणें हीं कामें ठिकठिकाणीं हौशी मंडळींच्या वर्गणीवर आणि श्रमांवर चाललीं आहेत. आणि त्यांतील कित्येकांच्या मनांत ही हौस प्रथम एखाद्या चित्रानेंच जागविली असली पाहिजे. तेव्हां घेणाऱ्यानें कांहींच परत केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु फळ चांगलें निघालें एवढ्यानें भावनेची परीक्षा टळत नाहीं.

ती परीक्षा अशी. पुष्कळ ठिकाणीं जुन्या मनोऱ्याचें काम आतां एक लोखंडी खांब आणि त्यावरचा लहानसा विजेचा दिवा करतो. त्याला रूप नाहीं, इतिहास नाहीं, त्याच्याभोंवतीं कथा नाहींत. पण आज रात्रीं एखादी होडी वाट चुकली तर तिच्या उपयोगीं तोच पडणार आहे. छायाचित्रकार चौकट जुळवितांना बहुधा हा खांब बाहेर ठेवतो, आणि चित्राच्या दृष्टीनें त्याचें बरोबरही आहे. पण मनाच्या चौकटींतूनही तो बाहेर गेला असेल, तर आपण जिला कृतज्ञता म्हणतों ती वस्तुतः आवड आहे. आवडीला रूप लागतें. कृतज्ञतेला सेवेची जाणीव पुरते. आपल्या घरांतही हा भेद पाहावयास मिळतो. वडिलांच्या तसबिरीला रोज न चुकतां हार चढतो. आणि ज्या आत्यानें जागरणें करून घरांतल्या सर्वांचीं दुखणीं काढलीं, ती केवळ अजून हयात असल्यामुळें, दुपारच्या चहाच्या वेळीं तिची आठवण राहत नाहीं. तसबीर काढून टाकावी असें कोणीही म्हणणार नाहीं. तिच्यापुढें हात जोडतांना शिकलेला विनय माजघरापर्यंत पोहोंचावा, एवढीच अपेक्षा.

१० नोव्हेंबर १९७५ रोजीं 'एडमंड फिट्झजेराल्ड' हें ७२९ फूट लांबीचें जहाज सुमारें २६,००० टन खनिज घेऊन सुपीरियरवरून जात असतांना वादळांत बुडालें. आसऱ्याचा उपसागर सुमारें १७ मैलांवर राहिला होता. उपसागराच्या तोंडावरील व्हाइटफिश पॉइंट येथील रेडिओचा मार्गदर्शक संकेत त्या रात्रीं बंद पडला होता. तो चालू असता तर जहाज वांचलें असतें असें कोणीही छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. जहाजावरील २९ माणसांपैकीं एकही सांगावयास उरला नाहीं. आतां दरवर्षीं त्या तारखेस स्प्लिट रॉक येथें लोक जमतात. घंटेच्या टोल्यांबरोबर त्या २९ जणांचीं नांवें वाचण्यांत येतात, आणि त्यानंतर १९६९ सालीं विझलेला तो दिवा पुन्हां लावण्यांत येतो. ज्यांच्यासाठीं तो लागतो त्यांना तो दिसावयाचा नाहीं. उपयोगाच्या हिशेबानें पाहिलें तर तें सारें तेल-वीज वायां. पण आपल्याकडे पितरांच्या नांवानें पाणी सोडणाऱ्याला हा हिशेब कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये.

त्या संध्याकाळीं कड्याच्या पायथ्याशीं छायाचित्रकारही मोठ्या संख्येनें उभे असतात. इतर दिवशीं निघतात त्याच मनोऱ्याचीं, त्याच पाण्याचीं चित्रें ते काढतात. तीं पाहून कोणाला फरक कळेल असें नाहीं. पण काढणाऱ्याला तो कळावा. कारण त्या दिवशीं आधीं नांवें वाचलीं गेलेलीं असतात, मग दिवा लागलेला असतो, आणि त्यानंतर चित्र निघालेलें असतें. हा क्रम वर्षाच्या उरलेल्या दिवशींही जो मनांत पाळील, त्याच्या घेण्याला चोरी म्हणण्याचें कारण नाहीं. आणि परत जातांना वाटेवरचा तो ओबडधोबड खांब त्याच्या नजरेस पडला, तर त्याचें चित्र न काढतांही तो क्षणभर थांबेल.